डाव्या गालाचं काम डाव्या हाताला: सोलिंगेनच्या ५/८ वस्तऱ्याचा रिव्ह्यू

वस्तऱ्याबद्दल कुठेही वाचा, धार किती टिकते, स्टील कुठलं, मुठीला लाकूड आहे का प्लास्टिक, ह्याच गप्पा असतात. डाव्या हातात तो कसा बसतो हे फारसं कोणी लिहीत नाही. मी तर म्हणेन उजव्या हाताने लिहिणाऱ्या-जेवणाऱ्या माणसाने सुद्धा वस्तरा घेताना तेच आधी बघावं, कारण स्वतःची दाढी स्वतः वस्तऱ्याने करायची असेल तर अर्धा चेहरा डाव्या हाताच्या वाट्याला येतो, निदान यायला पाहिजे. म्हणून हा रिव्ह्यू मी त्या बाजूनेच लिहितोय, बाकीचं ओघात येईल तेवढं.

का ते सांगतो. सलूनमध्ये कारागीर एकाच हाताने सगळी दाढी करतो हे आपण लहानपणापासून बघत आलोय त्यामुळे वस्तरा म्हणजे एकाच हाताचं काम असं डोक्यात बसलेलं असतं. पण तो काय करतो ते नीट बघा. तो खुर्चीच्या एका बाजूला उभा राहतो, मग मागे सरकतो, आपलं डोकं दोन बोटांनी हवं तिकडे वळवतो, खुर्चीची पाठ खाली पाडतो, मानेवर यायचं तर डोक्याकडून वाकून येतो. म्हणजे हात एकच असला तरी दर वेळी चेहरा त्या हाताला सोयीचा पडेल अशा जागी तो स्वतः जातो. आपल्याला आपल्याच चेहऱ्याभोवती फिरता येत नाही ना. आरशासमोर एका जागी उभं राहायचं आणि उजव्या हाताने डाव्या गालावर जायचं म्हणजे हात तोंडासमोरून आडवा जातो, आरशात गाल दिसायचा बंद होतो, मनगट उलटं वळतं, उघडलेली मूठ नाकासमोर येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कातडी ताणायला उरलेला डावा हात नेमका कुठे घालायचा तेच समजत नाही. तरीही होतं बरं का, जमतं. आयुष्यभर एकाच हाताने वस्तरा चालवणारे लोक आहेत आणि त्यांची दाढी गुळगुळीत असते, त्यांना चूक म्हणणारा मी कोण. पण नवीन शिकणाऱ्याने पहिल्यापासून दोन्ही हात लावावेत ह्याबद्दल मला अजिबात शंका नाही. एकदा उजव्या हाताला उलटं जाऊन डावा गाल करायची सवय लागली की डाव्या हाताकडे परत यायला मन तयार होत नाही.

तर आता वस्तरा. माझ्याकडे आहे तो सोलिंगेनचा, पातं ५/८, फुल हॉलो, राउंड पॉइंट, कार्बन स्टील, काळ्या प्लास्टिकची मूठ, नक्षीबिक्षी काही नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण डोवो घ्या, बोकर घ्या, ह्या मापाचा आणि ह्या टोकाचा कुठलाही घेतला तरी डाव्या हाताचं गणित तेच राहतं. सोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांचं गाव, सुऱ्या कात्र्या वस्तरे सगळं तिथलं, आणि ते नाव पात्यावर कोणी लावायचं कोणी नाही ह्यासाठी १९३८ साली तिथे कायदाच झालाय, म्हणजे नुसता शिक्का मारून चालत नाही, माल तिथेच बनलेला लागतो. बोकर १८६९ ची, डोवो १९०६ ची. फ्रान्समध्ये तिएर गावात तिएर-इसार आहे १८८४ पासून, ते पण वस्तरे चांगले करतात.

मापं समजून घ्या कारण डाव्या हाताला त्यांचा फरक उजव्यापेक्षा जास्त पडतो. ५/८ म्हणजे पात्याची रुंदी एक इंचाचे आठ भाग केले तर त्यातले पाच, साधारण सोळा मिलिमीटर. ६/८ म्हणजे एकोणीसच्या आसपास. ६/८ जड असतो, स्वतःच्या वजनाने फेसातून जातो, उजव्या हाताला मजा येते, पण डाव्या हाताने नाकाच्या बाजूला आणि ओठाच्या वर जायचं तर एवढं रुंद पातं अडचण करतं. ५/८ बरोबर मधला आहे. राउंड पॉइंट म्हणजे पात्याचं पुढचं टोक गोल केलेलं. दुसरा प्रकार स्पाइक, त्याचं टोक काटकोनात येतं आणि त्या कोपऱ्याने मिशीची कड एकदम सरळ कापता येते, पण शिकाऊ डाव्या हातात स्पाइक देऊ नका कोणी, तो कोपरा कानाच्या पाळीला लागतो आणि लागलेलं कळतसुद्धा नाही, रक्त आल्यावर कळतं.

फुल हॉलो म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत पातं दोन्ही बाजूंनी आत कोरलेलं, धारेजवळ इतकं पातळ की नख अलगद टेकवलं तर वाकलेलं दिसतं. ह्याचा डाव्या हाताला जो फायदा आहे तो मला कोणीच सांगितला नव्हता, वापरता वापरता लक्षात आला, तो म्हणजे आवाज. पातळ पातं केस कापताना वाजतं, खरखर असा स्वच्छ आवाज येतो. उजव्या हाताला बोटातून कळतं की कोन बरोबर आहे का, केस कापला जातोय का ओढला जातोय. डाव्या हाताच्या बोटांना ते सुरुवातीला कळत नाही, पण कानाला कळतं. पातं जास्त उभं झालं की आवाज कर्कश होतो, जास्त आडवं झालं की आवाज दबतो आणि केस ओढल्यासारखा वाटतो. मी बाथरूमचा पंखा बंद करतो, नळ बंद करतो आणि डावा गाल ऐकत ऐकत करतो. जाड पाचरीसारखे वस्तरे, ज्यांना वेज म्हणतात, ते इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने वगैरे, छानच असतात पण मुके. डाव्या हाताला शिकवायला बोलका वस्तरा पाहिजे.

आता तो हात तयार कसा करायचा. स्वस्तातला आणि बिनधोक उपाय आहे, सलूनच्या सामानाच्या दुकानात तो ब्लेड अडकवायचा साधा वस्तरा मिळतो, दोनशे-तीनशे रुपयांत, तो घ्या आणि त्यात ब्लेड न घालता वापरा. डाव्या गालावर रोजच्यासारखा फेस करा आणि ब्लेड नसलेल्या त्या वस्तऱ्याने नुसता फेस काढा, डाव्या हाताने. कापायचा प्रश्नच नाही त्यामुळे हात घाबरत नाही, आणि घाबरलेला हात काही शिकत नाही. उजव्या गालावर उजवा हात कसा जातो ते आधी बघायचं, कोपर कुठे आहे, अंगठा कुठे आहे, आणि मग तेच उलटं करून डावीकडे. काही सलूनमध्ये नवीन पोरांना फुग्यावर फेस लावून तो वस्तऱ्याने काढायला लावतात, तेही डाव्या हाताने करून बघा, दाब किती कमी लागतो ते फुगा बरोबर सांगतो. ब्रश सुद्धा डाव्या हातात घेऊन फेस करायची सवय लावली तर मनगट मोकळं होतं.

धरायचं असं. वस्तरा उघडून मूठ पूर्ण मागे, सरळ रेषेच्याही पुढे नेलेली, म्हणजे पातं आणि मूठ ह्यांच्यात कोन होतो आणि मूठ वर राहते. पात्याच्या मागे जो दांडा असतो त्याच्यावर तीन बोटं, खालून अंगठा, आणि करंगळी दांड्याच्या टोकाला जी वळलेली शेपटी असते तिच्यावर. करंगळी महत्त्वाची आहे, उजव्या हाताची करंगळी आपोआप जाऊन बसते, डाव्या हाताची हवेत राहते आणि मग वस्तरा बोटात गोल फिरतो. दांड्याच्या खालच्या बाजूला बारीक खाचा पाडलेल्या असतील तर फारच उत्तम, ओला अंगठा सरकत नाही. माझ्या वस्तऱ्याला त्या नाहीत आणि ही त्याची माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव. परत घेताना खाचा असलेलाच घेईन. पातं मुठीला जोडणारी पिन पण बघा, ती इतकी घट्ट हवी की वस्तरा हातात हलवला तरी मूठ आपोआप डुलणार नाही. सैल पिनेची मूठ उजव्या हाताला चालून जाते, डाव्या हाताचा जो बारीक कंप असतो तो मात्र ती वाढवते.

कोन तीस अंशाच्या आसपास ठेवायचा असं सगळे सांगतात, पण आरशासमोर अंश कोण मोजणार. सोपं माप असं की पात्याची पाठ कातडीपासून तिच्याच जाडीच्या दीड-दोन पट वर उचललेली पाहिजे. कल्ल्यापासून सुरुवात करायची, डाव्या कानासमोरून खाली, केसांच्या दिशेने, सुलट. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कल्ल्याच्या वरची कातडी वर ओढायची, हे बघायला विचित्र दिसतं पण वस्तऱ्याच्या दाढीतलं खरं काम तेच आहे, ताणलेली कातडी. हात सरकत असेल तर तुरटीचा खडा ओला करून बोटांनी चोळा, बोटं कोरडी आणि चिकट होतात, कातडी घट्ट पकडता येते. आपल्याकडे तुरटी दाढी झाल्यावर लावायची एवढंच माहीत असतं, ती दाढीच्या मध्येच जास्त कामाची आहे.

एक-दीड इंचाच्या लहान लहान हातांनी खाली यायचं, थांबायचं, पातं पुसायचं, परत कातडी ताणायची. वस्तरा कधीही आडवा, म्हणजे धारेच्या रेषेत सरकवायचा नाही, केसांवर पुढेच न्यायचा. सुरीने टोमॅटो कापताना आपण सुरी ओढतो ना, तशी धार कातडीवर ओढली गेली की ती कातडी कापते. डाव्या हाताने लागतं ते बहुतेक ह्यामुळेच, हात थरथरल्यामुळे नाही. कोपर खाली अंगाला चिकटलेलं असतं, मग जबड्यापाशी आल्यावर मनगट वळत नाही आणि पातं किंचित तिरकं सरकतं. म्हणून कोपर उचला, खांद्याच्या उंचीला आणा, बाजूला काढा. उजवं कोपर हे आपोआप करतं, डाव्याला सांगावं लागतं.

पहिले काही दिवस कल्ला ते जबड्याचं हाड एवढंच डाव्या हाताला द्या, सपाट जागा आहे, तिथे काही अडचण येत नाही. बाकी उजव्या हाताने करा नाहीतर नेहमीच्या रेझरने करून टाका. घाई करायचं कारण नाही. तिथे आवाज सारखा यायला लागला, फेसाची कड सरळ राहायला लागली की मग जबड्याखाली. तिथे खरी परीक्षा. जबड्याच्या हाडाखाली कातडी आत जाते आणि बहुतेकांचे मानेवरचे केस खाली वाढत नाहीत, कुठे मागे, कुठे आडवे, डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळे सुद्धा. दोन-तीन दिवस दाढी वाढू द्या, बोट फिरवून बघा कुठल्या दिशेला खरखरीत लागतं, आणि डोक्यात नकाशा पक्का करा. डावीकडे मानेवर केस कंठाच्या दिशेने आडवे असतील तर डावा हात त्यांच्या बरोबर आरामात जातो, उजव्या हाताने तीच जागा करायला मान मोडावी लागते. कंठमण्यावर मात्र घाई नको, कातडी बोटाने एका बाजूला ओढून ती सपाट जागेवर आणायची आणि मग तिथे हात मारायचा.

ओठाच्या वरचा डावा भाग मी डाव्या हातानेच करतो, उजव्या हाताने नाकाचं टोक वर आणि वरचा ओठ दातांवर ताणून खाली. दिसतं स्पष्ट, कारण हात आरशाच्या आड येत नाही. हनुवटी मात्र मी दोन्ही बाजूंनी उजव्या हाताने करतो आणि करत राहणार. हनुवटीला सपाट जागाच नाही, केस जाड, दिशा दर बोटाला बदलते, तिथे जो हात जास्त शहाणा आहे त्यालाच काम द्यावं. दोन्ही हात वापरायचे म्हणजे काटेकोर निम्मं निम्मं वाटायचं असं नाही. तबल्यात डाव्या हाताकडे डग्गा असतो, त्याचं काम उजव्यापेक्षा वेगळं आहे, कमी नाही, इथे तसंच समजा.

आरशाबद्दल एक सांगायचं राहिलं. डावा हात आरशात बघून चालवायला गेलं की पुढे-मागे ह्याचा गोंधळ होतो, हात वर न्यायचा असेल तर कळतं पण नाकाकडे का कानाकडे हे कळायला अर्धा सेकंद लागतो आणि वस्तऱ्याला तो अर्धा सेकंद चालत नाही. हाताकडे बघूच नका, पात्याची पाठ आणि फेसाची कड ह्या दोनच गोष्टींकडे बघा. आणि पातं चेहऱ्याला लावायचं तेव्हा आधी पाठ टेकवायची, मग उचलून धार आणायची. काढताना पण तसंच, पाठीवर आडवं करून काढायचं.

सुलट हात झाला की परत फेस करून उलटा हात. सलूनमध्ये विचारतात ना उलटा मारू का, तोच. डाव्या हाताने उलटा हात मारायचा तर आधी भरपूर दिवस नुसता सुलट आणि मग केसांना आडवा करा, कानाकडून नाकाकडे. माझ्या मते डाव्या गालाला सुलट आणि आडवा एवढ्यावर दाढी चांगली होते, उलट्याचा हट्ट ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी तर सोडूनच द्यावा, नंतर मानेवर पुळ्या येतात आणि केस आत वळतात.

आता ह्या वस्तऱ्याचे त्रास. पहिला त्रास वस्तऱ्याचा नाही, विकणाऱ्याचा. दुकानाने शेव्ह रेडी, म्हणजे थेट दाढी करता येईल इतकी धार लावलेला, म्हणून पाठवला होता आणि तो तसा नव्हता, हाताचे केस कापत होता पण दाढीचे ओढत होता. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण हे तुमच्याही बाबतीत होऊ शकतं म्हणून सांगतो, नवीन वस्तरा पेटीतून निघाला की थेट चेहऱ्याला लावू नका. एक केस चिमटीत धरून धारेवर टेकवायचा, धार चांगली असेल तर तो ओढल्याशिवाय तुटतो. बोथट वस्तऱ्याने डावा हात शिकणं अशक्य आहे कारण केस कापला गेला नाही की माणूस नकळत दाब देतो, दाब दिला की कोन वाढतो, आणि वाढलेल्या कोनावर दाब म्हणजे जखम. उजवा हात हे सांभाळून घेतो, डावा नाही घेत. म्हणून धारेची किंमत डाव्या हाताने शिकणाऱ्याला दुप्पट.

धार लावायला दगड लागतो, आणि वस्तऱ्याची गंमत अशी की पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकवायच्या, कोन पाठच ठरवते, आपल्याला धरून ठेवावा लागत नाही. आठ हजार ग्रिटचा दगड (ग्रिटचा आकडा मोठा तेवढा दगड बारीक), मग बारा हजारचा, एवढ्यावर रोजची धार परत येते. हे काम दर वेळी करायचं नसतं, रोज करायचं ते पट्ट्यावर परजायचं, आधी कापडावर मग चामड्यावर, पाठ पुढे धार मागे, आणि वळवताना पाठीवरच वळवायचं नाहीतर पट्टा चिरतो. परजणं मी उजव्या हातानेच करतो, तिथे डाव्याचा काही फायदा नाही. पट्टा तीन इंच रुंद घ्या म्हणजे सगळं पातं एका वेळी बसतं.

दुसरा त्रास गंज. कार्बन स्टील आहे, कोकणात मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली असते, बाथरूममध्ये ठेवलेला वस्तरा एका रात्रीत ठिपके धरतो. दाढी झाली की धुवायचा, मऊ कापडाने कोरडा करायचा, पिनेच्या आत पाणी राहतं तिथे फुंकर मारायची, पट्ट्यावर दोन-चार हात कोरडे, आणि पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन पात्याला. खोबरेल मी लावत नाही, थंडीत गोठतं आणि दिवसांनी वास मारतं. आणि बाथरूममध्ये ठेवायचाच नाही, कपाटात ठेवायचा.

तिसरा त्रास पैसे. नवीन सोलिंगेन म्हणजे शंभर युरोच्या पुढेच आकडा आणि वर कस्टम. जुना चालत असेल तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, तिथे जुने वस्तरे दिसतात, आपल्याकडच्या जुन्या कारागिरांच्या धोकटीत पण जर्मन शिक्क्याचे वस्तरे असायचे. घेताना पाठ दोन्ही बाजूंना सारखी झिजलीय का बघा, धार सरळ किंवा बाहेर गोल असावी, आत वळलेली नको, धारेवर खोल गंजाचे खड्डे नकोत, आणि पात्याला कुठे बारीक चीर असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. जुना घेतला तर आधी नीट निर्जंतुक करून, मग दगडावर काढून मगच वापरा. आणि कोणाचाही वस्तरा कोणी वापरायचा नाही, घरातल्या माणसांनी सुद्धा, रक्तातून कावीळ बी आणि सी पसरते, एचआयव्ही पसरतो, सलूनमध्ये म्हणूनच दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड आलं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्या नादाला लागू नये.

जे मुळात डावखुरे आहेत त्यांनी वरचं सगळं उलटं करून वाचा, तुमचा अडलेला हात उजवा. वस्तरा वेगळा घ्यायची गरज नाही, पाश्चात्त्य वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. पात्यावरची अक्षरं एका बाजूला असतात, तेवढी तुम्हाला उलट्या बाजूला पडतील, दाढीला त्याने काही होत नाही. जपानी पारंपरिक कामिसोरी मात्र जपून. ते पातं एकाच लोखंडी तुकड्यात मुठीसकट असतं आणि दोन बाजू वेगवेगळ्या घासलेल्या असतात, कातडीकडे कुठली बाजू ठेवायची ते ठरलेलं असतं, म्हणजे हात बदलला की बाजू बदलते. दोन हातांनी करायची असेल तर त्याच्यापासून सुरुवात करू नका.

मला ह्या सोलिंगेनला पाचपैकी चार द्यावेसे वाटतात, एक खाचा नसल्याबद्दल कापला. पण शिकायला हाच घ्या असं मी सगळ्यांना सांगणार नाही. दगड, पट्टा, तेल एवढं सांभाळायचं नसेल तर ब्लेड बदलायचे वस्तरे आहेत, त्यातही फरक आहे. सलूनचा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा हलका असतो, ब्लेडचे दोन्ही कोपरे अगदी तीक्ष्ण बाहेर असतात आणि तो चुकीला माफ करत नाही. कारागिराच्या हातात तो सुंदर चालतो कारण त्याचा हात तयार आहे. आपल्या डाव्या हातात ब्लेड घालून तो सगळ्यात शेवटी द्यायचा, जरी तो सगळ्यात स्वस्त असला तरी. जपानच्या फेदर कंपनीचा आर्टिस्ट क्लब आहे, त्यात फोल्डिंग आणि बिनघडीचा असे दोन्ही आकार येतात. डाव्या हातासाठी बिनघडीचा घ्या, लांब सरळ मूठ असते, उघडायची-मिटायची भानगड नाही, पिन नाही, डुलणं नाही, आणि कामिसोरीसारखा दिसत असला तरी ब्लेड दोन्ही बाजूंनी सारखं असल्यामुळे हात बदलला तरी काही अडत नाही. धार मात्र भयंकर आहे, सोलिंगेनपेक्षा पण जास्त, आणि आवाज कमी. त्यासाठी त्यांचीच प्रोगार्ड नावाची ब्लेडं येतात, धारेपुढे बारीक गार्ड असलेली. पहिले दोन-तीन महिने डाव्या गालाला तीच वापरा, नंतर साध्या ब्लेडवर या. ब्लेडचं पाकीट वस्तऱ्यासोबतच मागवा, आपल्या दुकानात मिळणारी नेहमीची ब्लेडं अर्धी करून त्यात बसत नाहीत.